सुरत खायची तर वाटाड्या हवा

महाराष्ट्रातून सुरतेला जाणारी माणसं बहुतेक दोन कारणांनी जातात. एक तर लग्नाचा बस्ता बांधायला रिंग रोडच्या कापड बाजारात, नाहीतर नात्यातल्या कुणाच्या कार्याला. खाण्यासाठी मध्ये तास-दीड तास मिळतो. तेवढ्यात एखादी थाळी खायची, स्टेशनकडे येताना घारीचा डबा उचलायचा, की सुरतेचं खाणं झालं असं आपण धरून चालतो. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण ही म्हण मात्र सगळ्यांच्या तोंडी असते. माझं म्हणणं असं की, ज्या शहराचं नाव खाण्यावर झालं, ते शहर अशा घाईत आणि कुणीतरी पाठवलेल्या दुकानांच्या यादीवर खाता येत नाही. माहीतगार माणसाबरोबर, त्याच्या वेळेचे पैसे मोजून, आठ-दहा जणांच्या टोळीने पायी हिंडावं लागतं. लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा अशा ब्रिटिश शहरांत खाण्याच्या अशा फेऱ्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. सुरतेला त्यांची गरज लंडनपेक्षा जास्त आहे, आणि त्याची कारणं सुरतेच्या खाण्यातच सापडतात.

पहिलं कारण वेळेचं. सुरतेत काय खायचं हे कुणीही सांगेल, पण कधी खायचं हे गावातल्याच माणसाला कळतं. लोचोचंच बघा. भिजवलेली चण्याची डाळ वाटून आंबवायची, पीठ खमणापेक्षा सैल ठेवायचं आणि वाफवायचं. त्याची वडी पडत नाही. दुकानदार थाळीतून उलथन्याने तो खरवडून काढतो, बशीत घालतो, वर तेल किंवा लोणी सोडतो, मसाला भुरभुरतो, मग बारीक शेव, कच्चा कांदा आणि हिरवी चटणी. वाफ जिवंत आहे तोवर त्यात राम. थंड झाला की घट्ट गोळा होतो आणि घशाशी बसतो. दुपारी तीन वाजता लोचो मागवून 'एवढं काय त्यात?' म्हणणारे पाहुणे असतात. त्यांनी सकाळी साडेसातला तोच लोचो उभ्याने खाल्ला असता तर मत बदललं असतं. जे तासांचं तेच महिन्यांचं. पोंक म्हणजे आपला हुरडा, पण सुरतेकडची कोवळी ज्वारी निराळी, दाणा बारीक, हिरवागार आणि गोडसर. कणसं निखाऱ्यात भाजून, झोडून दाणे मोकळे करतात आणि लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे नि ताक यांच्यासोबत देतात. अडाजण भागात तापीच्या बाजूला पोंकवाल्यांचे मांडव लागत आले आहेत, ते थंडीपुरतेच. उंधियोही थंडीतला. त्यातली पापडी कतारगामची असावी असा जुन्या सुरतींचा आग्रह असतो, आणि आज कतारगाम म्हणजे हिऱ्यांच्या कारखान्यांचा गजबजलेला भाग. तिथलं नाव टिकलं, शेतं गेली. पावसाळ्यात सरसिया खाजा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो, तेव्हा सगळं गाव गच्चीवर नाहीतर डुमसच्या वाटेवर चटया टाकून घारी आणि भुसुं खातं. मे महिन्यात डब्यातून आणलेली घारी वाईट नसते, पण तुपाने माखलेल्या त्या जड मिठाईसोबत तिखट-खारट फरसाण का लागतं, हे त्या रात्रीच पटतं.

दुसरं कारण माणसांचं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. सुरत हे मूळचं बंदर आहे, आणि बंदरातली ताटं बाहेरून आलेल्या आणि बाहेर जाऊन परतलेल्या माणसांनी भरलेली असतात. तापीपलीकडे रांदेर सुरतेपेक्षाही जुनं बंदर. तिथले मुसलमान व्यापारी ब्रह्मदेशाशी व्यापार करत. रंगूनमध्ये आजही सुरती सुन्नी जामा मशीद उभी आहे, ती याच लोकांनी बांधलेली. तिकडून परतलेल्या घरांबरोबर खावसा आला: शेवया, त्यावर नारळाच्या दुधातली बेसनाची दाट आमटी, वर तळलेला लसूण, काहीतरी कुरकुरीत आणि लिंबू. रमजानच्या संध्याकाळी रांदेरच्या बाजारात तो खाणाऱ्याला जर रंगूनची ती मशीद कुणी सांगितलीच नाही, तर त्याच्या लेखी ती एक विचित्र शेवयांची बशी उरते. नानपुऱ्यातल्या दोटीवाला बेकरीचंही तसंच. १८६१ पासूनचं हे पारशी दुकान आपलं मूळ डचांच्या भट्टीशी सांगतं. नानखटाई आणि बटर बिस्किटं आपण किलोवर घेऊन निघतो. डच या गावात १६१६ च्या सुमाराला वखार घालून बसले होते आणि त्यांची भव्य थडगी अजून शहरात आहेत, हे माहीत असलं तर त्याच बिस्किटाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो.

इंग्रजांच्या वखारीची तर खाण्यापिण्याची लेखी नोंदच आहे. आपल्याला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. पहिल्या स्वारीनंतर पंचवीस वर्षांनी, १६८९ साली, ओव्हिंग्टन नावाचा पाद्री इथे आला आणि त्याने वखारीतल्या पंगतीचं वर्णन लिहून ठेवलं. कुणाचीच जीभ नाराज होऊ नये म्हणून वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी ठेवले होते. पुलाव, कबाब, बदाम-मनुके भरून लोण्यात दम दिलेली कोंबडी या गोष्टी तो चवीने सांगतो. त्याच्या अर्ध्या शतकाआधी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी इथल्या इंग्रजांबरोबर रोजच्या बैठकीत चहा घेत होता. त्या काळी इंग्लंडमध्ये चहा जवळपास कुणाला ठाऊक नव्हता. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर घालून केलेल्या पंचाचीही नोंद त्याने केली आहे. आज गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून ब्रिटिश शहरांतल्यासारखी पबमधून पबमध्ये जाणारी फेरी इथे होणार नाही. त्याने काही अडत नाही. थंडीच्या पहाटे ताजी नीरा आणि उन्हाळ्याच्या रात्री दाट गार कोल्ड कोको एवढ्यावर सुरतेची पिण्याची बाजू भक्कम आहे, आणि दोन्हींच्या वेळा पुन्हा ठरलेल्याच.

ब्रिटनचा दाखला मी एका खास गोष्टीसाठी देतो. लेस्टर शहर घ्या. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: आमच्या शहरात येऊ नका. तरी माणसं गेली, त्यांत गुजराती फार होते, आणि बेलग्रेव्ह रोडवर त्यांची मिठाईची, फरसाणाची, साड्यांची दुकानं उभी राहिली. आज तोच रस्ता लेस्टर पाहुण्यांना कौतुकाने दाखवतं. बर्मिंगहॅममध्ये स्पार्कब्रुक आणि आसपासच्या वस्तीत पाकिस्तानी-काश्मिरी कुटुंबांनी १९७० च्या दशकात पातळ पोलादी कढईत झटपट शिजवून त्याच कढईत वाढायची 'बाल्टी' रूढ केली, आणि आता त्या वस्तीला बाल्टी ट्रँगल म्हणूनच ओळखतात. ज्या वस्त्यांत गोरा पाहुणा पूर्वी पाऊल टाकत नव्हता, तिथे तो पैसे देऊन जातो, बसतो, ऐकतो. खाण्याच्या फेरीने वंशद्वेष संपला असा दावा मी करणार नाही. पण आपल्याच शहरातल्या अनोळखी गल्लीत पाय टाकायला तिने एक सभ्य निमित्त दिलं, हे मान्य करायला हवं.

आता हाच दाखला सुरतेला लावून पाहा. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली लाखो मराठी माणसं राहतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून रेल्वे आली आणि खान्देश सुरतेच्या दाराशी आला. पुढे यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांनी माणसं ओढून घेतली. सुरतेची साडी ज्या हातांनी तयार होते त्यांतले कितीतरी हात आपले आहेत, आणि त्या हातांचं जेवण सुरतेच्या कुठल्याही खाण्याच्या यादीत नसतं. तर्रीवर लाल तेलाचा तवंग असलेली शेवभाजी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डुबुक वड्या, खापरावरचे मांडे, काट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, हे सगळं या वस्त्यांच्या चुलींवर शिजतं. सुरती आणि पाहुणे दोघेही त्याला 'कामगारांचं खाणं' म्हणून बाजूला ठेवतात. वास्तविक रंगूनहून आलेला खावसा जर सुरती ठरतो, तर नवापूरमार्गे आलेली शेवभाजी का ठरू नये? तिनेही इथे दोन-तीन पिढ्या काढल्या आहेत. माझ्या मते सुरतेची कुठलीही फेरी लिंबायतला गेल्याशिवाय पुरी होत नाही.

यावर पहिला आक्षेप मला समोर दिसतोच: खायला पैसे द्यायचे ते ठीक, पण दुकान दाखवायला? ते तर फोन दाखवतो. पण हुरड्याचा विचार करा. पूर्वी शेतावर ओळखीपाळखीने मिळणारा हुरडा आज आपण पुण्या-नगरकडे माणशी दर भरून खातो, आणि ते पैसे दाण्यांपुरते नसतात. शेतकऱ्याने आपल्यासाठी काढलेला दिवस, आगटी, बैलगाडी, त्याच्याशी झालेलं बोलणं, या सगळ्याचे असतात. वाटाड्याची फी तशीच आहे. फोनवरच्या रीलमध्ये चीज किती लांब ताणलं जातं ते दिसतं, म्हणून गेल्या काही वर्षांत लोचोवरही चीजचे डोंगर चढले. साधा लोचो मागायची अक्कल रील देत नाही. शिवाय जाणता माणूस दंतकथेला दंतकथा म्हणतो. तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी १८५७ मध्ये घारी पहिल्यांदा केली, ही गोष्ट सुरतेत सगळीकडे सांगतात. ती रंगवून सांगावी, पण ऐकीव आहे एवढं बरोबर सांगावं.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि सुरतेच्या बाबतीत तो मराठी मनात खोल आहे, कारण सप्टेंबर १९९४ च्या प्लेगच्या बातम्या अनेकांना आठवतात. पण पुढचं अर्धं आपण विसरतो. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात हे शहर झाडूनपुसून बदललं, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिली आली. तरीही रस्त्यावरची प्रत्येक गाडी सारखी नसते, हे खरंच. तेल किती वेळा उकळलं, पाणी कुठलं, चटणी कधीची, हे रोज तिथून जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणजे हा आक्षेपही वाटाड्याच्याच बाजूने जातो.

तिसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. फेऱ्या वाढल्या की दर वाढतात, नेहमीचं गिऱ्हाईक रांगेत मागे पडतं, आणि राहत्या वस्तीचं प्रदर्शन होतं. लंडनच्या ब्रिक लेनवर जुन्या बांगलादेशी खानावळींना भाडी परवडेनाशी झाली, हे आपल्यासमोर आहे. रमजानमध्ये रांदेरला किंवा झांपा बाजारात कॅमेरे रोखून घुसणारी टोळी उपास सोडणाऱ्यांना नको असेल, तर चूक टोळीची. त्यावर उपाय फेरी बंद करण्यात नाही, तिला शिस्त लावण्यात आहे. टोळी लहान असावी, दुकानदाराला आधी विचारलेलं असावं, गर्दीची वेळ नेहमीच्या लोकांना सोडावी, माणसांचे फोटो विचारून घ्यावेत, आणि वाटाड्या त्याच वस्तीतला असावा म्हणजे फी तिथेच राहते. कुठे मांसाहार आहे आणि कुठे नाही हेही निघण्याआधी स्पष्ट सांगावं. शाकाहारी माणसाला जुन्या सुरतेत उपाशी राहावं लागत नाही, पण फसवलं गेल्याची भावना त्याला होता कामा नये. आणि त्याच्या सोयीसाठी रांदेर नकाशावरून पुसूही नये, कारण मग सुरतेचा अर्धा इतिहास जातो.

हे काम करायला माणसं कुठून आणायची, हाही प्रश्न अवघड नाही. लिंबायत-डिंडोलीत वाढलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या मुलामुलींना घरची मराठी नि अहिराणी येते, शाळेची आणि बाजाराची गुजराती येते, कारखान्यातली हिंदी येते. चौकबाजारचा दुकानदार आणि नाशिकचा पाहुणा या दोघांशी एका दमात बोलू शकेल असं दुसरं कोण आहे? त्यांना थोडा इतिहास शिकवण्याचं काम सुरतेतल्या महाराष्ट्र मंडळांनी अंगावर घ्यावं. गणेशोत्सवात व्याख्यान ठेवतात, तसा एक वर्ग ठेवावा. आणि पहिली फेरी डिसेंबरात काढावी. त्या दिवसांत अडाजणला पोंक असतो, पहाटे नीरा मिळते, आणि जळगावकडून भरिताची वांगीही येऊ लागलेली असतात.