धरण्यापूर्वीची तालीम



अमेरिकेतील वर्णभेदाला सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का मिळाला तो रेल्वेच्या डब्यावरून, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लुइझियाना राज्यात होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून त्यांना अटक झाली आणि १८९६ साली न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरविले. पुढे दक्षिणेकडील राज्यांत शाळा, प्रतीक्षालये, पाण्याचे नळ, सारेच कित्येक वर्षे वेगळे राहिले. ही भिंत पाडण्यात कॉलेजच्या पोरांचा वाटा मोठा आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसले. त्या दुकानात त्यांना वस्तू विकत मिळे, पण बसून कॉफी मिळत नसे. ही बातमी देशभर गाजली. आम्हाला मात्र जास्त शिकण्यासारखे वाटते ते नॅशव्हिल.

तेथे जेम्स लॉसन हे तरुण धर्मोपदेशक १९५९ पासून चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेत होते. हे लॉसन थोडे आपल्या नागपूरचेच. १९५३ ते १९५६ ते हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला आणि माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची बातमीही नागपुरातच वाचली. त्यांच्या वर्गात खुर्च्या मांडून काउंटर करायचे. काही विद्यार्थी बसणार, बाकीचे गुंड होणार. शिव्या, धक्के, तोंडावर सिगारेटचा धूर. बसलेल्याने हात उचलायचा नाही, उलट बोलायचे नाही. खाली पाडले तर डोके कसे सांभाळायचे, हेसुद्धा शिकवीत. असे महिनोन् महिने चालले.

१३ फेब्रुवारीला ते प्रत्यक्ष बसले. २७ तारखेला त्यांना मारहाण झाली आणि पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांनाच, ऐंशीच्या आसपास. एक तुकडी नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. दंड भरण्याऐवजी पुष्कळांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकले. कृष्णवर्णीयांनी बाजारावर बहिष्कार घातला. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा महापौरांकडे गेला. डायन नॅश या विद्यार्थिनीने त्यांना तोंडावर विचारले, हा भेदभाव चूक आहे असे तुम्हाला वाटते की नाही? महापौरांना सर्वांसमक्ष कबूल करावे लागले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

आता आमची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाखेच्या गेट मीटिंगमध्ये एका अधिकाऱ्याने टोमणा मारला आणि दोन तरुण सभासदांनी त्याची कॉलर धरली. दुसऱ्या दिवसापासून मागणी राहिली बाजूला, चर्चा कॉलरची. दोघांना चार्जशीट मिळाली, एकाची बढती अजून अडकली आहे. पोरांना दोष देणे सोपे. पण आम्ही त्यांच्या हाती झेंडा दिला, घोषणा पाठ करून घेतल्या आणि कोणी डिवचले तर काय करायचे, ते कधी सांगितलेच नाही.

काही जुने साथी म्हणतात, ही पाद्रीगिरी झाली, कामगार लढतो संपाने. त्यांनी मेम्फिस पाहावे. १९६८ साली तेथील सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा लढ्याच्या समितीचे अध्यक्ष हेच लॉसन होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना तेथे त्यांनीच बोलावले आणि ४ एप्रिलला किंग यांचा तेथेच खून झाला. तरी संप फुटला नाही. १६ एप्रिलला युनियनला मान्यता मिळाली. लॉसन २०२४ साली ९५ व्या वर्षी वारले. लॉस एंजेलिसच्या हॉटेल कामगारांनाही त्यांनी हेच धडे दिले होते.

पावसाळा संपला की शाखेत दोन दिवसांचा असा वर्ग घ्यायचे आम्ही ठरविले आहे. कॉलर धरणारे दोघेही येतो म्हणाले. शिव्या देणाऱ्या अधिकाऱ्याचे काम करायला मात्र अजून कोणी नाव दिलेले नाही.