घर आणि आरव्हीसाठी एकच सॅटेलाइट टीव्ही: आता पैसे घालावेत का?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरणारे बरेच जण घरचाच सेट-टॉप बॉक्स गाडीत नेतात आणि पोर्टेबल अँटेना लावतात. वेगळं कनेक्शन नको, म्हणून सोय भारी. पण अडचणी दोन.

पहिली: टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किमीवर असतात. त्यामुळे तिथून दक्षिणेचं आकाश मोकळं लागतं. झाडाखाली गाडी लावली की सिग्नल गेला. दुसरी: लोकल चॅनेल ठरावीक भागापुरतेच प्रक्षेपित होतात. लांब गेलात तर सर्व्हिस ॲड्रेस बदलून घ्या.

आता धंद्याचं बघू. २०२४ मध्ये डायरेक्टटीव्ही ही कंपनी डिशचा टीव्ही व्यवसाय फक्त १ डॉलर देऊन, पण कर्जासकट, घेणार होती. डिशच्या रोखेधारकांनी अटी नाकारल्या आणि सौदा फिसकटला. हे वाढत्या धंद्याचं लक्षण नाही.

माझं मत सरळ आहे. घरी कनेक्शन असेल, तर बॉक्सला चालणारा अँटेना घ्या. नवीन सुरुवात असेल, तर स्टारलिंकसारखं इंटरनेट बघा. मोकळं आकाश त्यालाही लागतंच, पण टीव्हीसोबत ऑफिसचं काम आणि घरच्यांना व्हिडिओ कॉलही होतो.