फोनवरचा आपला नमस्कार

घरी लाडू-चकली करणाऱ्या, ब्लाऊज शिवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या मैत्रिणींची एक अडचण सारखीच. हात पिठात किंवा मशीनवर, आणि नेमका तेव्हाच फोन! गिऱ्हाईक दोनदा रिंग देतं आणि तिसऱ्यांदा दुसरीकडे लावतं. फोन उचलता आला नाही तर आपल्याच आवाजातला निरोप ऐकू जाईल, अशी सोय आता मोबाइलवर करून घेता येते. घरच्या लँडलाइनला जोडायच्या यंत्रावर ती पूर्वीपासून होतीच. प्रश्न उरतो तो बोलायचं काय आणि कुठल्या भाषेत.

आपल्या भागात हा प्रश्न साधा नाही. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून इथे काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर मात्र एक सोपी वाट आहे. ‘नमस्कार’ हा शब्द मराठीतही तोच आणि कन्नडातही तोच. तो एकदाच म्हणावा, लगेच व्यवसायाचं नाव सांगावं. तेवढ्यात कुणालाच परकं वाटत नाही. पुढे एक वाक्य मराठीत, तेच कन्नडात. जास्त गिऱ्हाईक ज्या भाषेचं, ती आधी. यात मानापमान आणू नये, हे माझं स्पष्ट मत.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर आपोआप जाणारा लेखी निरोप ठेवता येतो, मग आवाजाची कटकट कशाला, असं कुणी विचारेल. पण आपल्याच घरात बघा ना. सासूबाई शेजारणीशी तासभर कन्नड बोलतात, वाचता मात्र येत नाही. मुलगा कन्नड शाळेतला, त्याचं मराठी वाचन अडखळत. बोलणं दोन्हीकडचं, वाचणं एकीकडचं, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्यापर्यंत आवाजच पोहोचतो.

भाषांतर करताना खरी मेख असते ती वेळेची. मराठीत पावणेनऊ म्हणजे नवाला पाव कमी. कन्नडात तीच वेळ ‘एंटू मुक्कालु’, म्हणजे आठ आणि पाऊण. मनात मराठी धरून ‘ओंबत्तु मुक्कालु’ म्हटलंत, तर ते झालं पावणेदहा! गिऱ्हाईक तासभर उशिरा येणार आणि पुरणपोळ्या गार होणार. साडेआठ आणि ‘एंटूवरे’ यांत असा घोळ नाही, दोन्ही आठावरूनच मोजतात. म्हणून निरोपात वेळ पूर्ण तासाची किंवा साडेची द्यावी. ‘परवा’ हा शब्द तर टाळाच. मराठीत तो मागचाही आणि पुढचाही. कन्नडात मागचा ‘मोन्ने’ आणि पुढचा ‘नाडिद्दु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यापेक्षा वार सांगावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार दोन्हीकडे तेच.

नमुना असा होईल: ‘नमस्कार, घरगुती फराळ. आत्ता हात कामात आहेत. आपलं नाव आणि काय हवं ते सांगा, संध्याकाळी सहानंतर फोन करतो. ईग केलसदाग अदीवि. निम्म हेसरू, एन बेकु हेळ्री. संजे आर गंटे मेले फोन माडतीवि.’ वीस-पंचवीस सेकंदांत आटोपतं. पुस्तकी कन्नडाची गरज नाही, दारात आलेल्या बाईंशी बोलतो तेच बोलावं. आणि सहानंतर म्हटलं की सहानंतर फोन करायचाच. नाहीतर निरोप न ठेवलेला बरा.

‘आम्ही गावाला गेलोय’, ‘घरी कोणी नाही’ असं मात्र चुकूनही बोलू नका. फोन करणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. भावही सांगत बसू नये. खोबरं महागलं की पुन्हा सगळं बोलायला लागतं.

रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात नको. फरशी आणि भांडी आवाज घुमवतात, शिवाय कुकरची शिट्टी केव्हा येईल नेम नाही. गाद्या आणि साड्यांचं कपाट असलेली खोली चांगली. पंखा बंद. फोन तोंडापासून वीतभर लांब. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावं, नाहीतर ‘नमस्कार’मधला ‘न’ कापला जातो. कागदावर लिहून घ्या, पण वाचल्यासारखं बोलू नका. नातवाच्या बोबड्या बोलात निरोप ठेवायची काही घरांत हौस असते. पाहुण्यांना गंमत वाटते हो, पण दोनशे करंज्यांची ऑर्डर देणाऱ्याला पुढे कोण बोलणार, तो आवाज ऐकायचा असतो.

निरोप ठेवला की दुसऱ्या फोनवरून लावून ऐका, आणि एकदा कन्नड बोलणाऱ्या शेजारणीला ऐकवा. ती हसली, तर कुठे हसली ते विचारून तेवढं वाक्य बदला. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की तो निरोपही काढा. संक्रांतीला तिळगुळासाठी फोन करणाऱ्याला ‘चकलीची नोंदणी सुरू आहे’ ऐकू येऊ नये.