नोकरी लागली म्हणून विद्यापीठाची जर्सी का उतरवावी?



अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएने नोव्हेंबर २०२४ मध्ये आइस हॉकीतील एक जुनी भिंत पाडली. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला तोवर व्यावसायिक ठरवून महाविद्यालयीन संघाबाहेर ठेवले जाई. त्या लीगमध्ये त्याच्या हाती पडे काय, तर महिन्याला फार तर ६०० डॉलर. सोळाव्या वर्षी दोन सराव सामने खेळला म्हणून अपात्र ठरलेल्या एका खेळाडूने दावा ठोकला आणि काही महिन्यांतच नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. गॅविन मॅकेनासारखा नावाजलेला खेळाडू त्या लीगमधून पेन स्टेट विद्यापीठात आला.

नागपूरच्या मैदानी हॉकीतही महाविद्यालयीन खेळाडूची अशीच अडवणूक होते. आपल्याकडे हॉकीपटूला पोट भरायचे तर रेल्वे, सेनादल, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या किंवा सरकारी कार्यालयातील क्रीडा कोट्याची नोकरी हवी. केंद्राच्या क्रीडा कोट्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळल्याचे प्रमाणपत्र चालते, त्यामुळे मुले विद्यापीठाच्या संघासाठी जिवाचे रान करतात. पण या स्पर्धा भरवणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमानुसार तिथे खेळायला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावे लागते. पात्रता अर्जात जन्मतारीख, बारावीचे वर्ष, सध्याचा वर्ग भरून प्राचार्यांचा सही-शिक्का घ्यावा लागतो. विसाव्या वर्षी नोकरीवर रुजू होऊन बहिःस्थ पदवी करणाऱ्या मुलाला तो अर्ज भरताच येत नाही. नोकरी नाकारली तर घर चालत नाही आणि स्वीकारली तर विद्यापीठाचा संघ सुटतो. बहुतेक घरांत निर्णय काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

पात्रतेच्या अटींमुळे गुणी खेळाडू कसा निसटतो, हे नागपूरकरांना क्रिकेटमधून ठाऊक आहे. खापरखेड्याच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव क्लबकडून खेळला नाही म्हणून महाविद्यालयाच्या संघात घेतला गेला नव्हता. विदर्भ जिमखान्याने त्याला हाताशी धरले, २००८ मध्ये तो रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. क्रिकेटमध्ये असा दुसरा दरवाजा असतो. हॉकीत तो जवळपास नाहीच. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये परतली. पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. प्रत्येक संघात चार ज्युनियर खेळाडू घेण्याची अट मात्र चांगली होती. पण त्या हंगामाचे दिवस होते डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचा आरंभ, म्हणजे ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यात.

शिक्षण आणि खेळ यांतून एकच निवडायची वेळ मोठ्या खेळाडूंवरही आली. अथेन्स ऑलिंपिक खेळलेला, भारताचे कर्णधारपद भूषवलेला मुंबईचा विरेन रस्किन्हा २००८ मध्ये व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी हॉकीतून बाहेर पडला. त्याचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते.

पूर्णवेळ विद्यार्थ्याचा नियम सैल केला तर विद्यापीठे नोकरदार खेळाडू भरून चषक पळवतील, अशी भीती दाखवली जाते. भीती खरी आहे, म्हणून मर्यादा घालावी. संघात असे दोनच खेळाडू, तेही त्याच विद्यापीठात प्रवेश घेतलेले आणि परीक्षा देणारे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्रेडिट बँक आणली, शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय दिली. मग आंतरविद्यापीठ स्पर्धेची पंचविशीची वयोमर्यादा मोजताना तो खंड का वगळू नये?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने १९२३ पासूनची आपली परंपरा लक्षात घेऊन हा प्रस्ताव भारतीय विद्यापीठ संघापुढे मांडावा. स्पर्धा किंवा लीगमुळे हुकलेल्या पेपरची वेगळी परीक्षा घेणे तर विद्यापीठाच्याच हातात आहे. ते या हिवाळी सत्रापासूनच सुरू करावे, ही विनंती.

– एक हॉकीप्रेमी वाचक, नागपूर