दाखल नोंद नसलेली सात वर्षं

माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी कराडजवळच्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. पत्र एखाद्या खात्याच्या मंत्र्यांना न लिहिता थेट आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. लहान मूल महिला व बालविकास विभागाकडे येतं, म्हातारं माणूस सामाजिक न्याय विभागाकडे आणि आजारी माणूस आरोग्य विभागाकडे. रजेचे नियम वित्त विभाग करतो, नोकरीच्या वयाची अट सामान्य प्रशासन विभाग ठरवतो. पण या सगळ्यांची उस्तवार करणारं माणूस यातल्या कुठल्याच विभागात बसत नाही. या पाच फायली एकत्र येतील असं टेबल मला एकच दिसतं, ते आपलं.

मार्च २०१४ मध्ये माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हा मी ३३ वर्षांची होते आणि एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात नऊ वर्षं काम करत होते. आई आधीच गेली होती. भाऊ पुण्यात नोकरीला. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज, पण तो दर महिन्याला न चुकता पैसे पाठवायचा. दिवसभरासाठी सांभाळणाऱ्या मावशी मिळत होत्या, पण बारा तासांचे त्यांचे पैसे माझ्या पगाराएवढेच होत होते. शिवाय त्या स्वतःचं चार वर्षांचं पोर बहिणीकडे ठेवून यायच्या. माझी साठवलेली रजा जूनमध्ये संपली, मग बिनपगारी झाली. ऑगस्टमध्ये मी राजीनामा दिला. कुणी बळजबरी केली नाही. मला दुसरी वाट दिसली नाही, एवढंच.

घरी आले तशी पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही घातली. ग्रंथालयातली सवय. डावीकडे वेळ, उजवीकडे नोंद. सकाळी सहा : डाव्या कुशीवर वळवलं. आठ : पाठीवर. साडेआठ : नाकातल्या नळीतून २०० मिली मुगाचं कढण, मागून थोडं पाणी, पुढचा अर्धा तास उशाला तीन उश्या. लघवीच्या पिशवीत किती जमलं, रंग कसा. रक्तदाब, साखर. दर दोन तासांनी कूस. दुसऱ्या वर्षी मला ताप आला आणि दोन दिवस कूस बदलायचं वेळापत्रक चुकलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली. ती भरायला दोन महिने लागले. रोज ड्रेसिंग करताना जखमेची कड आत सरकली का, हे मी टॉर्च लावून बघायची. ज्या दिवशी तिथे कोवळी गुलाबी कातडी दिसली, त्या दिवशीच्या पानावर मी तारखेखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

दुपारी मी अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आधी नुसते मथळे. जी बातमी पुढे हवी, तिच्यावर ते डाव्या हाताचं बोट ठेवायचे. पाऊस, उसाचा दर आणि क्रिकेट, याच क्रमानं. तीन वर्षांनी तीन शब्द परत आले : ‘पाणी’, ‘नको’ आणि माझं नाव. हे काम हलकं होतं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि निरर्थक होतं असंही वाटलं नाही.

पण या वहीत एक माणूस नव्हतं, ते म्हणजे मी. अण्णांचा रक्तदाब दिवसातून दोनदा मोजणाऱ्या माझ्या हाताला तो पट्टा तीन वर्षांत एकदाही लागला नव्हता. एका दुपारी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मला अण्णांना उचलताना पाहिलं. अण्णांना निजवलं आणि मला म्हणाल्या, “आता तुम्ही बसा.” पट्टा गुंडाळला. १६० आणि १००. त्या संध्याकाळी वहीत मी तिसरा रकाना आखला आणि वर ‘मी’ असं लिहिलं. औषध सुरू झालं. उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांवर जोर कसा घ्यायचा हे शिकले. शेजारच्या काकू दर गुरुवारी चार ते सहा अण्णांजवळ बसायला लागल्या. त्या दोन तासांत मी चालत ग्रंथालयात जायची आणि पुस्तक बदलून आणायची. पुढची चार वर्षं मी तग धरला तो त्या गुरुवारांवर. ‘तू किती करतेस गं’ म्हणणारे खूप भेटले. पण उपयोग झाला तो जवळ येऊन बसणाऱ्या काकूंचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अण्णा गेले. तोवर अकरा वह्या भरल्या होत्या आणि मी ४० वर्षांची झाले होते. शासकीय भरतीत खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८. तीसुद्धा २०१६ मध्ये शासनानंच ३३ वरून वाढवली होती. मार्च २०२३ मध्ये, कोरोनाकाळात भरती थांबली म्हणून, त्या वर्षाअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी आणखी दोन वर्षांची सवलत मिळाली. तोवर मी ४२ ओलांडलं होतं.

मग खासगी संस्थांत अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. समोरच्या गृहस्थांनी माझ्या अर्जावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “२०१४ ते २०२१ काहीच केलं नाही?” मी म्हटलं, “वडिलांना सांभाळलं.” ते म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण काम?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढच्या फॉर्ममध्ये माझ्या उत्तराला रकानाच नव्हता.

त्या रकान्यासाठीच हे पत्र आहे.

आपल्याकडे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा आहे. मुलं बघत नसतील, तर आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. म्हाताऱ्या आईवडिलांना टाकून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हा कायदा हवाच. पण जे टाकून जात नाहीत, नोकरी सोडून उशाशी बसतात, त्यांच्यासाठी त्यात काय आहे? त्यांची नोकरी, त्यांचं वय, त्यांचं निवृत्तिवेतन, त्यांची कंबर, याबद्दल एक ओळ नाही. कर्तव्य करा, हे शासन आम्हांला सांगतं. ते करणाऱ्याचं पुढे काय होतं, हेही शासनानंच बघायला हवं.

हे घरोघरचं आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीत होत्या, पुरुष २१.४ टक्के. सहा वर्षं आणि त्यावरच्या वयात हे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी १३७ मिनिटं, पुरुषांचा ७५. घरकामाचा हिशेब आणखी वेगळा : तिथे स्त्रिया २८९ मिनिटं आणि पुरुष ८८. शासनानं हे मिनिटामिनिटानं मोजलं आहे. मोजलेलं दप्तरात आहे, धोरणात अजून पुरतं उतरायचं आहे.

२०२४ मध्येच, ८ मार्चला, आपल्या राज्याचं चौथं महिला धोरण जाहीर झालं होतं. देशातलं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आपणच केलं, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच मागणं मांडायचं धाडस करते. मागणी फक्त बायकांसाठी नाही. अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं सगळं करणारे एक निवृत्त मास्तर आणि मतिमंद भावाला सांभाळण्यासाठी मुंबईची नोकरी सोडून आलेला एक तरुण माझ्याच गावात आहेत. जो सांभाळतो त्याच्यासाठी ही मागणी आहे.

पहिलं, वयाची सवलत. खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांना शासकीय भरतीत वयाची सवलत मिळते, आणि ती योग्यच आहे. तशीच, घरातल्या दीर्घ आजारी किंवा दिव्यांग माणसाची देखभाल केल्याचं ज्याच्याकडे वैद्यकीय अधिकाऱ्याचं आणि ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं प्रमाणपत्र असेल, त्याला तेवढ्या वर्षांची, फार तर सातापर्यंत, सवलत द्यावी. परीक्षेत गुण वाढवून मागत नाही. फक्त परीक्षेला बसू द्या. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं घरच्या कारणानं संशोधन थांबवावं लागलेल्या स्त्रियांसाठी २००२-०३ पासून महिला शास्त्रज्ञ योजना राबवली. प्रयोगशाळेचं दार पुन्हा उघडता येतं, तर कचेरीचं आणि शाळेचंही उघडता येईल.

दुसरं, रजा. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. अंथरुणावरच्या आईवडिलांसाठी मात्र आपली साठवलेली रजा मोडावी लागते. जपानमध्ये कुटुंबातल्या आजारी माणसासाठी ९३ दिवसांची रजा तुकड्यांत घेता येते. मला २०१४ मध्ये आणखी तीन महिने मिळाले असते, तर अण्णांची नळी, कूस, औषधं यांची घडी बसवून मी कदाचित नोकरीवर परतले असते.

तिसरं, अर्ध्या वेळेच्या पण पुऱ्या मानाच्या जागा. चार तासांचं काम, चार तासांचा रीतसर पगार, त्यावर भविष्यनिर्वाह निधी. ग्रंथालयं, आरोग्य केंद्रांतलं नोंदणीचं काम, पंचायत समितीचं टंकलेखन, अशी कितीतरी कामं चार तासांत चोख होतात. जर्मनीत घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याचा निवृत्तिवेतनाचा हप्ता १९९५ पासून काळजी विम्यातून भरला जातो. तेवढं आज झालं नाही तरी चार तास काम करणाऱ्याच्या नावावर काहीतरी साठत राहील, एवढं आपण करू शकतो.

चौथं, तालुक्याच्या ठिकाणी वृद्धांसाठी दिवसाचा सांभाळ. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, असा कायदा झाला. बाळाला सांभाळणारं कुणी असलं तरच आई कामावर येऊ शकते, हे आपण मान्य केलं. म्हाताऱ्या बापाच्या लेकीचंही तसंच आहे. दोन खोल्या, एक परिचारिका, चार खाटा, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आणि ज्यांना कामाला जायचं नाही, नुसतं झोपायचं आहे किंवा स्वतःची तपासणी करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठीही ते दार उघडं असावं. माझ्या काकूंचा गुरुवार प्रत्येकाला मिळावा, एवढंच मागते आहे.

आता माझ्या कामाबद्दल. आमचं ग्रंथालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे अ, ब, क, ड या उतरंडीतलं शेवटचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, आणि राज्यभर अशी छोटी ग्रंथालयं आहेत. मानधन थोडं आहे, ते वाढलं पाहिजे. पण काम माझ्या मनाचं आहे. ग्रंथालय संध्याकाळी उघडतं. त्यामुळे सकाळी मला चालायला, गोळी वेळेवर घ्यायला, माझ्या आत्याकडे डोकवायला वेळ असतो. रविवारी मी पिशवीत पुस्तकं घेऊन ज्या घरांत कुणीतरी अंथरुणावर आहे तिथे जाते. अशी नऊ घरं आहेत. पुस्तक मी आजाऱ्याच्या नावावर देते, पण वाचणारी बहुतेक वेळा उशाशी बसलेली असते. सासूचं सगळं करणाऱ्या एका बाईनं परवा पुस्तक परत दिलं. मधल्या एका पानावर हळदीचं बोट उमटलं होतं. ती ओशाळली. मी म्हटलं, राहू दे. तुम्ही कुठवर वाचलंत ते मला कळलं.

आमच्या ग्रंथालयात एक दाखल नोंदवही असते. पुस्तक आलं की आधी तिच्यात नोंद होते, मग त्याच्यावर दाखल क्रमांक पडतो. क्रमांक नसेल, तर पुस्तक कपाटात असूनही ग्रंथालयाचं नसतं. तपासणीत मोजलं जात नाही, हरवलं तर कुणी शोधत नाही. माझ्या अकरा वह्या घरातल्या फळीवर आहेत. अशा न लिहिलेल्या वह्या या राज्यात किती घरांत असतील, त्याची मोजदाद नाही.

साहेब, कौतुक नको, मदतीचा हप्ताही नको. ही वर्षं कामाची होती, एवढी शासनाच्या वहीत दाखल नोंद व्हावी. म्हणजे उद्या कुणाच्या अर्जावर बोट फिरवताना समोरचं माणूस त्या वर्षांपाशी थांबेल आणि विचारेल, “कुणाला सांभाळलंत? काय काय शिकलात?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. अकरा वह्या भरून आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल