लगाम आणि हात

अलिबागेस ओहोटीच्या वेळीं घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे जातात. प्रवाशांची दृष्टि किल्ल्यावर खिळते. आम्ही मात्र घोड्याच्या तोंडाकडे पाहतों. पुढचे दांत व दाढा यांमधील उघड्या हिरडीवर लगामाचें लोखंडी कडियाळें टेकतें. तें कांटेरी असल्यास जनावर थांबतें खरें, परंतु वेदनेनें. पुढें हिरडी बधिर झाली म्हणजे हिसका अधिकच जोराचा द्यावा लागतो. असें कडियाळें १९६५ सालच्या नियमांनीं आपल्या देशांत निषिद्ध ठरविलें आहे. कडियाळें गुळगुळीत व तोंडाच्या रुंदीस बेताचें असावें. गळ्याखालच्या पट्ट्यांत चार बोटें सहज शिरावींत. खाऱ्या हवेनें लोखंड गंजून खरखरीत होतें, म्हणून तें रोज पुसावें. पण उत्तम लगामहि जड हातीं क्रूर ठरतो.

याकोबानें आपल्या पत्रांत लगामाचा दृष्टान्त मनुष्याच्या जिभेस लाविला आहे. आम्हां शिक्षकांस तो विशेष लागू पडतो. कांटेरी शब्दानें वर्ग गप्प बसतो, सुधारत नाहीं. ज्याच्या हातीं लगाम, त्यानें प्रथम आपला हात आवरावा, असें आमचें मत आहे.