सरासरीच्या पोटातला तोटा



रिठदच्या शिवारात पाऊस कसा पडतो ते आम्हाला कोणी शिकवू नये. बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते. पीकविमा मात्र साऱ्या महसूल मंडळाला एकच आकडा लावतो: सरासरी.

हिशेब करून पाहू. समजा, मंडळात पाच शेतांत पीक कापणी प्रयोग झाले. एकरी कापूस निघाला १०, २, ९, १ आणि ८ क्विंटल. बेरीज ३०, सरासरी ६. उंबरठा उत्पादन ५ असेल तर कागदावर नुकसान झालेच नाही! २ आणि १ क्विंटलवाल्यांच्या हाती भोपळा.

शेजारच्या मंडळात ६, ५, ७, ६, ६ निघाले. सरासरी तीच, ६. मग दोन्ही मंडळांचे दुखणे एकच का?

हे ओळखायला पंडित लागत नाही. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे तेवढे मांडा. कमी की जास्त ते पाहू नका, कारण अधिक-वजा केले तर उत्तर नेहमी शून्यच येते. आपल्या मंडळात अंतरे ४, ४, ३, ५, २. बेरीज १८, भागिले ५, उत्तर ३.६. शेजारच्या मंडळात ०, १, १, ०, ०. बेरीज २, उत्तर ०.४. पुस्तकात याला सरासरी विचलन म्हणतात. ०.४ असेल तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो. ३.६ असेल तर ती सरासरी कोणाच्याच शेताची नाही.

२०१६ च्या खरिपात पंतप्रधान पीकविमा योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हे विमा क्षेत्र होते. महाराष्ट्रात ते महसूल मंडळ झाले. उंबरठाही सरासरीतूनच निघतो: मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. सरासरीवर सरासरी!

गावोगाव प्रयोग घ्यायला खर्च येईल, असे सांगतील. येईल. पण आज तो खर्च २ आणि १ क्विंटलवाला आपल्या घरातून भरतो आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करू. प्रत्येक प्रयोगाचा आकडा चावडीवर लावा. सरासरीशेजारी विचलन लिहा. विचलन मोठे असेल तिथे गाव हाच घटक धरा.

येताना आपापल्या गावातले कपाशी-ज्वारीचे आकडे वहीत मांडून आणा. सावकार हप्ता सरासरीने घेत नाही. आपणही भरपाई सरासरीने का घ्यावी?